घंटेची खोड

गंगाराम वालावलकरांच्या घंटेने पकडलेला पहिला चोर चार पायांचा होता. त्याच्या गळ्यात दावं होतं, तोंडात वालावलकरांच्या परसातली लाल भाजी होती, आणि काठ्या, कोयते आणि एक वल्हं घेऊन आपल्याभोवती उभ्या असलेल्या सतरा माणसांकडे तो अतिशय शांतपणे बघत होता. शेजारच्या नर्मदाकाकूंनी आपलं वासरू ओळखलं, त्याचा कान धरला आणि जाताना गंगारामांना सांगितलं की पोराटोरांच्या अंगावर एवढी माणसं घालू नयेत, वासरू झालं म्हणून काय झालं.

गंगाराम घंटा तपासायला घरात गेले. मुंबईच्या टेलिफोन खात्यात त्यांनी तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती. नवीन यंत्र पहिल्या दिवशी थोडं लहरी वागतं हे त्यांना ठाऊक होतं. लहरीपणाचा हा पहिला दिवस बावीस दिवस चालणार आहे, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. शिमगा होऊन गेला होता, काजू वाळत पडले होते, आणि खाडीकाठच्या कांदळवाडीत पंधरा दिवसांत तीन भाणं चोरीला गेली होती. भाण म्हणजे न्हाणीच्या चुलीवर बसवलेलं अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं दांडगं भांडं. सासूकडून सुनेकडे जातं, घरात त्याला माणसासारखा मान असतो. ते कोणी उचलून नेईल असं वाडीला स्वप्नातही वाटलं नव्हतं, कारण ते उचलायलाच दोन माणसं लागतात अशी समजूत होती. आणि चोरी व्हायची ती भरदुपारी. कांदळवाडीत रात्री एक वेळ कोणी जागं सापडेल, पण माशाची कढी आणि भात जेवून झाल्यावर दोन ते चार ह्या वेळात तिथे कोणीही, काहीही उचलून नेऊ शकत होतं.

गंगारामांच्या सुभद्राबाईंचं भाण वाडीत सगळ्यात मोठं. ते गेलं तर आपण ह्या घरात अंघोळ करणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा गंगारामांनी मुंबईहून आणलेली ट्रंक उघडली. तिच्यातून खात्याने मोडीत काढलेली एक पितळी घंटा निघाली, तारेची दोन भेंडोळी निघाली आणि चार सुक्या बॅटऱ्या निघाल्या. वाडीत वीज नव्हती, पण गंगारामांना विजेसाठी कोणाची वाट बघावी लागत नसे. त्यांनी परसाच्या बेड्याला, म्हणजे बांबूच्या फाटकाला, एक दोरी बांधली. दोरी ओढली गेली की पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि माजघरातली घंटा वाजायची. भाणाखाली त्यांनी स्प्रिंगची एक फळी बसवली. भाण उचललं की फळी वर येणार, आणि पुन्हा घंटा. कागदावर ह्या योजनेत एकही खोट नव्हती.

पण वालावलकरांचं परस कागदावर नव्हतं. ते माडांच्या खाली होतं. वासरानंतर दुसऱ्या दिवशी माडाचं वाळलेलं चुडत, म्हणजे झावळी, दोरीवर पडलं, आणि सतरा माणसं आली. तिसऱ्या दिवशी कावळा दोरीवर बसला आणि बारा आली. चौथ्या दिवशी काहीच झालं नाही तरी घंटा वाजली. खाऱ्या हवेने पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता आणि त्यातूनच वीज आपली वाट काढत होती. त्या वेळी सात माणसं आली आणि त्यातली चार पोहे खाऊन गेली. पहिल्या आठवड्याच्या अखेरीला घंटा वाजली की वाडीतली माणसं फक्त कूस बदलत आणि "गंगाराम नव्हे, घंटाराम" असं म्हणून पुन्हा घोरू लागत. हे नाव शाळामास्तरकीतून निवृत्त झालेल्या भाई गुरुजींनी ठेवलं होतं. एवढा चांगला शब्द त्यांच्या हातून चाळीस वर्षांत पहिल्यांदाच झाला असावा, कारण ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत.

सल्ले मात्र थांबले नाहीत. गुरुजी म्हणाले कुत्रा पाळा. नर्मदाकाकू म्हणाल्या घंटेला कोणाची तरी दृष्ट लागली आहे. आणि गंगारामांना न विचारता त्यांनी देवळात नारळ ठेवून घंटेच्या वतीने रीतसर गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी घंटा पाच वेळा वाजली. काकूंचं म्हणणं, देवाने ऐकल्याचीच ती खूण होती.

कळस झाला तो हरिश्चंद्रांच्या अंघोळीने. हरिश्चंद्र हे सुभद्राबाईंचे बांद्याचे धाकटे भाऊ. काजूचे मोठे व्यापारी, स्वभावाने कडक आणि अंघोळीच्या बाबतीत फारच चोखंदळ. सणासारखे वर्षातून एकदा मोटारीने यायचे. त्यांच्यासाठी भाण काठोकाठ भरलं गेलं. आता, भरलेल्या भाणाचं वजन वेगळं आणि रिकाम्या भाणाचं वेगळं, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही कळते. पण गंगारामांचं सगळं लक्ष तारांकडे होतं. हरिश्चंद्र तांब्यामागून तांब्या पाणी घेत गेले, भाण हलकं हलकं होत गेलं, खालची फळी केसाकेसाने वर आली, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत साबण गेला नेमक्या त्याच क्षणी घंटा कडाडली.

त्या दिवशी दैवयोगाने वाडी जागी होती. न्हाणीत एक धिप्पाड परका माणूस भाणावर वाकलेला दिसतो आहे, ही बातमी बेड्यापासून खाडीपर्यंत गेली. सोळा माणसांनी न्हाणीला वेढा घातला. आतून हरिश्चंद्र आपलं नाव ओरडून सांगत होते, पण तोंडात फेस असल्यामुळे ते नाव कोणाला पटण्यासारखं ऐकू येत नव्हतं. सुभद्राबाई धावत आल्या म्हणून निभावलं. हरिश्चंद्र पंचा गुंडाळून बाहेर आले, कोणाकडे न बघता घरात गेले, आणि जेवणाला न थांबता तिठ्यावर जाऊन मोटारीची वाट बघत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात बांद्याहून कार्ड आलं. त्यात एकच वाक्य होतं: ह्यापुढे येणं झालं तर अंघोळ करून येईन.

सुभद्राबाईंनी ते कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं. त्या फारशा बोलणाऱ्या नव्हत्या.

"तुमच्या घंटेक चोर दिसना नाय," त्या म्हणाल्या. "माझो भाव मात्र बरो दिसलो."

त्याच आठवड्यात वाडीतल्या अकरा जणांनी सही करून ठाण्यावर अर्ज दिला. फौजदारांनी गंगारामांना बोलावलं आणि शुद्ध मराठीत विचारलं की सदर घंटेचा परवाना आपणांजवळ आहे काय. गंगाराम म्हणाले नाही, पण काढतो. इथून त्यांचा कचेऱ्यांचा प्रवास सुरू झाला. नगरपालिकेच्या कारकुनाने घंटा देवळाची की शाळेची एवढंच विचारलं, कारण त्याच्या वहीत दोनच रकाने होते. तिसरा रकाना मामलेदार कचेरीत मिळेल असं तो म्हणाला. मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाने अर्ज वाचला, खिडकीतून समुद्राकडे पाहिलं आणि घर किनाऱ्यालगत असल्यामुळे हा विषय बंदर खात्याचा ठरतो, असा शेरा मारला. बंदर खात्यातल्या गृहस्थांनी मात्र काम केलं. त्यांनी शिक्क्यानिशी लेखी दिलं की सदर घंटा धुक्यात वाजवू नये, अन्यथा गलबतांचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

ह्या कागदाखेरीज गंगारामांच्या हाती काही आलं नाही. फौजदारांनी तो दोनदा वाचला आणि तोंड गंभीर ठेवायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"वालावलकर, मी तुम्हांला पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत घंटा एकदाही विनाकारण वाजली नाही, तर माझी हरकत नाही. एकदा जरी वाजली, तर ती ठाण्यात जमा होईल आणि तुमच्याकडून तसा जबाब लिहून घ्यावा लागेल."

बाहेर बाकावर बसलेल्या शिपायाने ते ऐकलं आणि तो हसला. ते हसणं गंगारामांना फार लागलं. मुंबईत अर्ध्या शहराचे टेलिफोन बंद पडत तेव्हा साहेब लोक गाडी पाठवून ज्यांना बोलावून नेत, त्या माणसाला आता पितळेची एक घंटा गप्प बसवता येत नाही असं होतं. घरी येऊन त्यांनी घंटेची तार काढून टाकली, टोपी खुंटीला लावली आणि ओसरीवर पाय पसरून बसले. घंटा ट्रंकेत परत टाकावी असं त्यांच्या मनात येत होतं. पण तीस वर्षांची सवय. खात्यात तक्रार आली की आधी ती वहीत लिहायची, मग हत्याराला हात लावायचा. त्यांनी वही काढली आणि बावीस दिवसांतली प्रत्येक घंटा आठवून आठवून लिहिली. सुभद्राबाईंनी विसरलेल्या पुरवल्या. एकूण त्रेसष्ट भरल्या. वासरू अठरा, चुडतं आणि नारळ चौदा, कावळे नऊ, कळंक तेरा, हरिश्चंद्रांची धरून अंघोळी आठ, आणि एकदा खुद्द गंगाराम, घंटा नीट आहे का बघायला गेले तेव्हा. चोर शून्य.

वही बघत असताना दाऊदभाई आले. ते पलीकडच्या मोहल्ल्यातले, जन्मभर गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, म्हणून राहिलेले. मुंबईला कौलं आणि सुपारी घेऊन किती खेपा केल्या ह्याचा हिशोब त्यांनी ठेवला नव्हता. वाडीत गंगारामांना घंटाराम न म्हणणारे ते एकटे. त्यांनी वहीतली नावं ऐकून घेतली आणि विडी पेटवली.

"मिस्त्री, तुजी घंटा एकाच्या सांगन्यावर बोंब मारता," ते म्हणाले. "गलबतार एकट्यान जमीन दिसली म्हटलान म्हनून मी सुकानू कधी फिरवलंय नाय. दोरीन शिसा सोडून पानी किती खोल मोजायचा. दोगांचा जमला, तरच खरा."

गंगारामांनी हे वहीत लिहिलं नाही, पण ते सावरून बसले. इतके दिवस ते एकट्या दोरीवर विश्वास ठेवत होते, आणि एकट्या फळीवर. दोघींपैकी कोणीही ओरडली तरी घंटा वाजत होती. त्याऐवजी दोघींचं एकमत झालं तरच वाजली तर?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाला हात घातला. बेड्याची दोरी काढूनच टाकली. बेड्यातून निम्मं जग जातं-येतं. त्याची खबर घेऊन करायचं काय? जपायचं होतं ते भाण. चुलीपुढे, जिथे उभं राहिल्याशिवाय भाणाला हात पोचत नाही, तिथे त्यांनी एक फळी बसवली. तिच्याखाली इतक्या ताठ स्प्रिंगा घातल्या की मांजर, कुत्रा, वासरू नाचलं तरी ती दबू नये आणि माणूस उभा राहिला की दबावी. गाय न्हाणीच्या दारातून आत येऊच शकत नव्हती. फळी जोखायला लहानमोठी माणसं हवी होती. सुभद्राबाईंनी ती दबली, गंगारामांनी दबली. त्यांनी नर्मदाकाकूंनाही बोलावलं. पण आपल्याला आणि वासराला एकाच फळीवर पाळीपाळीने उभं करण्यात येत आहे हे लक्षात आल्यावर काकू जेवायची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

भाणाखालची स्प्रिंग गेली. त्याऐवजी भाणाच्या कडीला एक तार आली, पाणी कमी झालं तर तिला काही कळत नसे, पण भाण वीतभर जागचं हललं की ताणली जाई. फळी आणि तार, दोन्ही बोलल्या तरच घंटा. पट्ट्या सुभद्राबाईंनी आमसुलाने घासून लख्ख केल्या आणि लोणच्याच्या बरण्यांत घालून मेणाने तोंडं बंद केली, म्हणजे खारी हवा आत शिरायला नको. माडांवरची वाळलेली चुडतं महादू पाडेल्याने एका सकाळी उतरवून दिली.

राहिल्या घरच्यांच्या अंघोळी. आता नुसतं पाणी घेतल्याने घंटा वाजणार नव्हती, पण सुभद्राबाई रोज भाण पुढे ओढून आतून घासत, तेव्हा फळीवर त्या आणि हातात भाण. म्हणजे रोज एक घंटा ठरलेली. गंगारामांनी माजघरात बटण बसवतो म्हटलं. ते मी विसरेन, असं सुभद्राबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यांनाच काही वेळाने सुचलं.

"न्हाणीत जाताना तांब्यो कोण विसरता?" त्या म्हणाल्या. "घरातलो माणूस खुंटीवरचो तांब्यो घेतल्याशिवाय थंय पाऊल टाकना नाय. चोर कशाक तांब्यो नेतलो?"

गंगाराम त्यांच्याकडे बघतच राहिले. टेलिफोनचा रिसीव्हर आकड्यावरून उचलला की यंत्र बदलतं, ठेवला की पुन्हा पहिल्यासारखं होतं. हा आकडा त्यांनी तीस वर्षांत हजारो वेळा दुरुस्त केला होता, आणि न्हाणीचा तांब्या मागच्या दाराआड तसाच रिसीव्हरसारखा लटकत होता. संध्याकाळपर्यंत खुंटीच्या जागी स्प्रिंगचा आकडा आला. तांब्या लटकलेला असला की घंटा जागी, तांब्या उचलला की घंटा झोपली. गंगारामांनी तांब्या वीस वेळा उचलला आणि वीस वेळा ठेवला. संसाराची पस्तीस वर्षं झाली होती. बायकोला खात्यात घ्यायला हवी होती असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

घंटा पुन्हा जोडली त्या दिवसापासून पंधरा दिवसांची मोजणी सुरू झाली, आणि वाडीने ती अतिशय मनावर घेतली. पहिल्या दिवशी घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशी वाजली नाही. तिसऱ्या दिवशी नर्मदाकाकूंचं वासरू न्हाणीत जाऊन, फळीवर उभं राहून, राखेत तोंड घालून बाहेर आलं, घंटा गप्प. पाचव्या दिवशी भाई गुरुजी सहज म्हणून आले आणि जाताना त्यांनी बेडं गदगदा हलवलं. काही झालं नाही. ते पुन्हा हलवून बघत होते तेव्हा ओसरीवरून गंगारामांनी त्यांना, गुरुजी, बेड्याचं काही चुकलं का, असं नम्रपणे विचारलं. अकराव्या दिवशी एक अख्खा नारळ न्हाणीच्या कौलांवर पडला. तीन कौलं फुटली, आणि घरोघरची माणसं उठून कानोसा घेत बसली. घंटेने चकार शब्द काढला नाही. सोळाव्या दिवशी फौजदारांनी, हरकत नाही, असं लिहून पाठवलं.

आता वाडी नाराज झाली. घंटा वाजत होती तेव्हा निदान बोलायला विषय होता. गुरुजींनी आपलं मत जाहीर केलं की ती घंटा आता मेली आहे. गंगारामाने बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि शांतता दाखवून फौजदारांना फसवलं. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि दोन महिने त्यांच्या पडवीत बसून वाडीच्या जुन्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्या परगावच्या माणसालाही सांगितलं. गोड बोलणारा माणूस होता. कोण किती वाजता जेवतो, कोण किती वाजता आडवा होतो, सगळं आपुलकीने विचारायचा. गंगारामांची छत्रीसुद्धा त्यानेच शिवून दिली होती.

चोविसाव्या दिवशी दुपारी तीन वाजता घंटा वाजली.

गंगाराम ओसरीवर आडवे झाले होते. ते ताडकन उठले, आणि पहिल्या क्षणी त्यांच्या मनात चोर आला नाही, वासरू आलं. मग त्यांनी मागच्या दाराआड पाहिलं. तांब्या आकड्यावर होता. सुभद्राबाई माजघरात उभ्या होत्या. म्हणजे फळीवर माणूस होता, आणि भाण जागचं हललं होतं. दोघांचं जमलं होतं.

"खरो आसा," गंगाराम म्हणाले आणि अनवाणी धावले.

ह्या वेळी मात्र त्यांना एकट्याने धावावं लागलं नाही. ह्याच घंटेला वाडी महिनाभर हसली होती, पण तेवीस दिवस जी वाजली नाही ती वाजली म्हटल्यावर कोणी कूस बदलली नाही. दाऊदभाई वल्हं घेऊन खाडीच्या बाजूने आले. महादू अर्ध्या माडावरून घसरत खाली आला. गुरुजी एका पायात वहाण घालून आले. परसातून एक तांब्याचं भाण पळत चाललं होतं. त्याच्याखाली दोन पाय होते. पळणाऱ्याने ते डोक्यावर पालथं घेतलं होतं, त्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं, आणि आतल्या आवाजामुळे मागचं काही ऐकू येत नव्हतं. तो बेड्याकडे वळायच्या ऐवजी नर्मदाकाकूंच्या गोठ्याकडे वळला. तिथे वासरू आडवं बसलं होतं.

भाण गडगडत गेलं आणि उकिरड्याला टेकून थांबलं. काजळीने काळा झालेला छत्रीवाला उठून बसला तेव्हा त्याच्याभोवती तेवीस माणसं होती आणि काकूंच्या हातात मासे कापायची आडाळी होती. त्याने फार वेळ घेतला नाही. आधीची तिन्ही भाणं त्याने सुरूच्या बनात रेतीखाली पुरून ठेवली होती. पाऊस सुरू व्हायच्या आत गलबताने न्यायचा बेत होता. वाडीतल्या माणसांनी ती उकरून काढली आणि डोक्यावर घेऊन आणली तेव्हा बायका दारात उभ्या होत्या. एकीने आपलं भाण ओळखून त्याला कडकडून मिठी मारली आणि मग रडली. गंगारामांना एवढं होईल असं वाटलं नव्हतं. ते वळून माडांकडे बघू लागले.

गुरुजी बराच वेळ घुटमळले. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "गंगारामा, आमच्या न्हाणीक एक बसवशील रे?"

"अर्ज करा, गुरुजी," गंगाराम म्हणाले. मग त्यांना दया आली आणि त्यांनी उद्या सकाळी येतो म्हणून सांगितलं. त्यानंतर आणखी आठ जणांनी विचारलं. ते सगळे त्या अकरा सह्यांपैकीच होते.

ऊन उतरलं तसे फौजदार दोन शिपाई घेऊन आले. एक शिपाई छत्रीवाल्याला पुढे घेऊन गेला. फौजदारांनी कागद काढला. पंचनामा करायचा होता, आणि वालावलकरांचं भाण मुद्देमाल म्हणून ठाण्यात न्यायचं होतं. त्यांनी भाण दाखवा म्हटलं. सुभद्राबाई पदर सावरून पुढे आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या अंमलदाराशी बोलत होत्या, म्हणून त्यांनी शुद्ध मराठी वापरली.

"भाण चुलीवर आहे," त्या म्हणाल्या. "खाली आग आहे, आत पाणी आहे. आज हे आधी न्हाणार आहेत. मग न्या."

फौजदार न्हाणीपर्यंत जाऊन आले. पाण्याला आधण येत होतं. मुद्देमालातून वाफा निघत असताना काय करायचं ह्याबद्दल त्यांच्या पुस्तकात काही नव्हतं. ते ओसरीवरच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी गुरुजी बसले, दाऊदभाई बसले, पायरीवर महादू बसला, आणि त्या दिवशी ठाण्यात हसलेला तो शिपाई बंदूक गुडघ्यांत धरून खाली बसला. सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं गेलं.

आत सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या डोक्याला खोबरेल तेल लावलं, दिवाळीला लावतात तसं, दोन्ही हातांनी. मग त्यांनी आकड्यावरचा तांब्या काढून त्यांच्या हातात दिला. गंगाराम न्हाणीत गेले आणि सावकाश अंघोळीला बसले. बाहेर मधूनमधून पाण्याचा आवाज येत होता. एकदा फौजदारांनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा नर्मदाकाकूंनी त्यांना सांगितलं की गरम पाणी अजून निम्मं आहे. ते पुन्हा टेकून बसले आणि घंटा कुठे लावली आहे, तार कोणती वापरली आहे, ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीला असं काही करता येईल का, हे दाऊदभाईंना विचारू लागले. दाऊदभाई म्हणाले, ते मिस्त्रींनाच विचारा.

शेवटचा तांब्या ओतून, पंचाने डोकं पुसत, धुतलेलं धोतर नेसून गंगाराम वालावलकर ओसरीवर आले, आणि फौजदार उठून उभे राहिले.